अमीबाची आई कुठे जाते?

दहावीच्या वर्गात अलैंगिक प्रजननाचा भाग दरवर्षी दोन तासिकांत संपतो. फळ्यावर अमीबाचे चित्र काढायचे, त्यातले केंद्रक लांबट करायचे, मधोमध खाच दाखवायची आणि शेजारी दोन छोटे अमीबा काढून खाली 'साधे द्विविभाजन' असे लिहायचे. मुले चित्र वहीत उतरवून घेतात, नामनिर्देशन करतात आणि आपण पॅरामेशियमकडे वळतो. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, मग अमीबाची आई कुठे जाते?"

वर्ग हसला. मी पुस्तकातले उत्तर दिले की जनकपेशीचे अस्तित्व संपते आणि तिच्या जागी दोन नवजात पेशी येतात. ती मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते आणि घरी जाताना माझ्या लक्षात आले की माझेही झाले नव्हते. अस्तित्व संपले म्हणजे मेली असे म्हणावे, तर तिचे कलेवर कुठे आहे? जिवंत आहे असे म्हणावे, तर त्या दोघींपैकी ती कोणती? गेली अठरा वर्षे हा भाग शिकवत असताना हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही याचे मला वाईट वाटले. त्यानंतर वर्षभर जे वाचले आणि शाळेच्या प्रयोगशाळेत जे डोळ्यांनी पाहिले, ते इथे लिहीत आहे.

अमीबाचे विभाजन मी प्रत्यक्ष एकदाच पाहिले आहे, तेही महाविद्यालयात असताना. अमीबा प्रोटिअस ही जात एकपेशीय असूनही बरीच मोठी असते. चांगला वाढलेला अमीबा काळ्या कागदावर ठेवलेल्या काचेवर पांढऱ्या ठिपक्यासारखा नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो. एरवी सतत आकार बदलणारा हा जीव विभाजनाच्या आधी हालचाल थांबवतो, लांब छद्मपाद (पायांसारखे पुढे काढलेले पेशीचे भाग) आत ओढून घेतो आणि गोल होतो. त्याच्या पृष्ठभागावर आखूड, बोथट उंचवटे येतात, त्यामुळे तो काहीसा तुतीच्या फळासारखा दिसतो. आत केंद्रकाचे समसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची दोन सारख्या संचांत वाटणी, चाललेले असते. मग दोन विरुद्ध दिशांना पुन्हा मोठे छद्मपाद फुटतात, जणू दोन अमीबा एकमेकांपासून दूर चालू लागतात, मधला दुवा ताणला जाऊन दोऱ्याएवढा बारीक होतो आणि तुटतो. हे सारे साधारण अर्ध्या तासात आटोपते. दुवा तुटल्यानंतर मी दोन्ही बाजूंकडे आळीपाळीने पाहत राहिले होते, आणि उजवीकडचा कोणता व डावीकडचा कोणता एवढाच फरक मला सांगता आला असता.

या जीवाच्या बाबतीत माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला खरोखरच उत्तर नाही, आणि ही अडचण जुनी आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी १८८१ साली असे मांडले की एकपेशीय जीवांना नैसर्गिक मृत्यू नसतो. अपघाताने ते मरतात, कोणी खाल्ले तर मरतात, पण म्हातारपणाने मरत नाहीत, कारण विभाजनानंतर मागे काहीच उरत नाही. त्यांच्या मते मृत्यू ही बहुपेशीय शरीराबरोबर आलेली गोष्ट आहे. कलेवर नाही म्हणून मृत्यू नाही, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. तो सगळ्या एकपेशीय जीवांना लागू पडतो का, हे मात्र प्रत्येक जीवाकडे वेगवेगळे पाहूनच ठरवावे लागते आणि तिथेच हा विषय रंगत जातो.

एक उदाहरण असे आहे की जिथे आई अक्षरशः मागे उरते, पण अवशेष म्हणून. हिवतापाचा परजीवी प्लाझमोडियम आपल्या तांबड्या रक्तपेशीत शिरला की तो वाढतो, त्याचे केंद्रक एकामागून एक विभागत जाते आणि शेवटी एकाच वेळी डझन-दोन डझन नवे परजीवी तयार होतात. पुस्तकात याला बहुविभाजन म्हणतात. रक्तपेशी फुटते, नवे परजीवी बाहेर पडतात आणि जागेवर राहतो तो एक छोटा गोळा, ज्यात हिमोग्लोबिन पचवून उरलेले तपकिरी रंगद्रव्य साठवलेले असते. अनेक रक्तपेशी एका वेळी फुटतात म्हणून रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो, आणि प्लाझमोडियम व्हायवॅक्सच्या बाबतीत हे चक्र सुमारे ४८ तासांचे असल्यामुळे तो ताप एक दिवसाआड येतो. त्या उरलेल्या गोळ्याला कलेवर म्हणायचे की कचरा, हे मी वाचकांवर सोपवते. मला तो जनकपेशीचा उरलेला संसार वाटतो.

जिवाणूंकडे वळायचे तर प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. माझ्या घरी जे विरजण आहे ते सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात वाटीत घालून दिलेले आहे, आणि मधे दोन-तीन वेळा शेजारून मागून आणावे लागले असले तरी तो वंश बहुतेक तोच आहे. रात्री कोमट दुधात चमचाभर दही घालून ढवळले की लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस प्रकारचे जिवाणू दुधातली शर्करा वापरू लागतात, लॅक्टिक आम्ल तयार होते, दूध पुरेसे आंबट झाले की त्यातले केसीन हे प्रथिन गोठते आणि सकाळी दही लागलेले असते. थंडीत मी भांडे टॉवेलमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते, कारण ऊब कमी पडली तर विभाजनाचा वेग मंदावतो आणि सकाळी भांड्यात दूधच राहते. विरजण लावणे म्हणजे जिवाणूंच्या द्विविभाजनाला मोकळे रान देणे. तो वेग केवढा असू शकतो हे आतड्यातल्या इश्चेरिशिया कोलाय या जिवाणूवरून कळते. सर्व काही अनुकूल असेल तर तो दर वीस मिनिटांनी विभागतो. दहा तासांत तीस पिढ्या होतात आणि एकाचे १०७ कोटींहून अधिक होतात. अर्थात अन्न संपते आणि आम्ल साचते, म्हणून हा हिशोब कागदावरच पूर्ण होतो.

जिवाणूच्या विभाजनाचा तपशील मला फार आवडतो, कारण त्यात आईचा माग काढण्याची एक खूण दडलेली आहे. दंडाकृती जिवाणू आधी लांब होतो, त्याच्या डीएनएची दुसरी प्रत तयार होऊन दोन्ही प्रती दोन बाजूंना सरकतात, आणि पेशीच्या मध्यावर आतल्या बाजूने एका प्रथिनाचे कडे तयार होते. ते कडे आवळत जाते, त्याच्या मागोमाग नवी पेशीभित्तिका आत वाढत जाते आणि मधोमध भिंत पूर्ण झाली की दोन जिवाणू सुटे होतात. आता विचार केला तर दोघांचेही एक टोक जुने आहे, जे आधीपासून होते, आणि एक टोक नवे आहे, जे नुकतेच मधल्या भिंतीतून बनले. पुढच्या विभाजनात ते जुने टोक एकाच लेकीकडे जाते, त्यानंतरच्या विभाजनातही एकीकडेच, म्हणजे घराण्यातली जुनी समई जशी एकाच घरात जाते तसे. २००५ साली पॅरिसमधील संशोधकांनी सुमारे ३५,००० जिवाणूंचे चित्रण करून दाखवले की ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या जुने टोक येते, त्या पेशी बहिणींपेक्षा किंचित हळू वाढतात. पाच वर्षांनी हार्वर्डमधील गटाने अतिसूक्ष्म नळ्यांत एकेक जिवाणू अडकवून शेकडो पिढ्या पाहिल्या, तेव्हा जुन्या टोकाच्या पेशींचा वाढीचा वेग मात्र स्थिर राहिलेला आढळला. म्हणजे जुने टोक हे ओळखीचे चिन्ह नक्की आहे. ते म्हातारपणाचे चिन्ह आहे की नाही, हे जिवाणू कोणत्या परिस्थितीत वाढतो आहे यावर अवलंबून दिसते.

यीस्टच्या बाबतीत असा संदेह उरत नाही. बेकरीत वापरतात ते कोरडे यीस्ट चिमूटभर घेऊन कोमट साखरपाण्यात घातले आणि तासाभराने त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर अंडाकृती पेशींच्या गर्दीत अनेक पेशींना एका बाजूला लहानसा फुगा आलेला दिसतो. हे कलिकायन, काही पुस्तकांत याला मुकुलायन म्हणतात. फुगा मोठा होतो, जनकपेशीच्या केंद्रकाचे विभाजन होऊन एक केंद्रक अरुंद मानेतून त्या कलिकेत सरकते, मग मान बंद होते आणि कलिका सुटी होते. भरपूर अन्न आणि योग्य ऊब असली तर हे सुमारे दीड तासात घडते. अमीबापेक्षा इथला मोठा फरक असा की दोन भाग सारखे नसतात. कलिका लहान असते, जनकपेशी मोठी असते, आणि आई कोणती हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल.

शिवाय आईच्या अंगावर खूण राहते. जिथून कलिका सुटली तिथे पेशीभित्तिकेवर कायटिन या कठीण द्रव्याचा गोल वण उमटतो, आणि पुढची कलिका सहसा त्याच वणातून फुटत नाही. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात हे वण दिसत नाहीत, पण विशिष्ट चमकणारा रंग देऊन पाहिले तर एखाद्या जुन्या पेशीवर ते ओळीने मोजता येतात, म्हणजे तिला किती लेकरे झाली ते तिच्या कांतीवरच लिहिलेले असते. मॉर्टिमर आणि जॉन्स्टन या दोघांनी १९५९ साली सूक्ष्मदर्शकाखाली एकेका यीस्ट पेशीची प्रत्येक कलिका बारीक सुईने बाजूला करत मोजदाद केली. त्यांना आढळले की एक पेशी ठरावीक मर्यादेपर्यंतच कलिका देते, सर्वसाधारणपणे वीस-पंचवीस, आणि मग थांबते. वय वाढते तशी ती आकाराने मोठी होते, दोन कलिकांमधले अंतर वाढते आणि शेवटी ती मरते. एकाच पेशीचा हा जीव, आणि तरी त्याला म्हातारपण आहे.

यापुढचे वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते. म्हाताऱ्या आईची कलिका मात्र तरुण म्हणून जन्माला येते. आईने वीस कलिका दिल्या असल्या तरी एकविसाव्या कलिकेची मोजणी शून्यापासून सुरू होते. हे कसे घडते याचा शोध घेताना असे दिसले की बिघडलेली प्रथिने, त्यांच्या गुठळ्या आणि गुणसूत्रापासून सुटून साठलेले डीएनएचे फालतू तुकडे जनकपेशी आपल्याकडेच अडवून ठेवते आणि कलिकेत शक्यतो जाऊ देत नाही. अगदी शेवटच्या काही कलिकांच्या वेळी ही व्यवस्था ढासळते आणि त्या लेकींचे आयुष्य कमी भरते. मातृत्वाबद्दल आपल्या बोलण्यात येणारे शब्द एका सूक्ष्म पेशीला लावणे बरोबर नाही, याची मला जाणीव आहे. पेशीला इच्छा नसते. पण वाटणी विषम आहे ही वस्तुस्थिती आहे, आणि वाइसमान म्हणत होते ते कलेवर यीस्टमध्ये मिळते. ती म्हातारी जनकपेशीच असते.

पॅरामेशियमची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि ती सांगायला थोडा वेळ लागेल. चपलेच्या तळव्यासारखा दिसणारा, अंगभर केसाळ पक्ष्माभिका असलेला हा जीव आडवे द्विविभाजन करतो. त्याच्यात एक मोठे केंद्रक असते, जे रोजचा कारभार पाहते, आणि एक किंवा अधिक लहान केंद्रके असतात, जी वारसा जपून ठेवतात. विभाजनाच्या वेळी लहान केंद्रक नीटनेटके, समसूत्री पद्धतीने विभागते; मोठे केंद्रक मात्र नुसते लांब ओढले जाऊन मधोमध तुटते, त्यामुळे त्यातल्या जनुकांच्या असंख्य प्रतींची वाटणी काटेकोर राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोपा या फ्रेंच संशोधकाने सांगितले की अशा जीवांना दुसऱ्या जीवाशी संयुग्मन, म्हणजे जोडी जमवून केंद्रकांची देवाणघेवाण, करू दिले नाही, तर काही शे विभाजनांनंतर त्यांचा वंश थकतो आणि मरून जातो.

येल विद्यापीठातील लोरँड वुड्रफ यांना हे पटले नाही. त्यांनी १९०७ साली एकच पॅरामेशियम घेतला आणि त्याचे वंशज रोज वेगळे करून ताज्या द्रवाच्या थेंबात एकेकटे ठेवायला सुरुवात केली. एका थेंबात एकच जीव, म्हणजे संयुग्मनाचा प्रश्नच नाही. हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना करून पाहा. रविवार नाही, सुट्टी नाही, एक दिवस चुकला तर थेंबात दोनाचे चार होणार आणि प्रयोगावर शंका येणार. १९११ साली त्यांनी दोन हजार पिढ्यांचा वृत्तान्त छापला आणि १९२६ साली अकरा हजार पिढ्यांचा. वंश ठणठणीत होता. मोपा खोटे ठरले आणि वाइसमान जिंकले असेच कोणालाही वाटले असते.

पण वुड्रफ प्रामाणिक निरीक्षक होते. मधल्या काळात ऱ्होडा अर्डमन यांच्यासह त्यांनीच पाहिले की त्यांच्या एकेकट्या पॅरामेशियममध्ये ठरावीक काळाने जुने मोठे केंद्रक विरघळून जाते आणि लहान केंद्रकापासून नवे मोठे केंद्रक घडवले जाते. पुढे १९३६ साली डिलर यांनी दाखवले की ही क्रिया म्हणजे स्वतःशीच होणारे फलन आहे. दुसरा जोडीदार नसला तरी पॅरामेशियम ऑरेलिया आपल्याच लहान केंद्रकाची दोन रूपे करून ती पुन्हा एकत्र आणतो. नंतर सॉनबॉर्न यांनी ही क्रियाही होऊ न देता वंश वाढवला, तेव्हा तो खरोखर म्हातारा होऊन मेला. तेव्हा पॅरामेशियमच्या आडव्या विभाजनात आई कोणती हे सांगता येत नसले, तरी आई आणि लेकी मिळून सगळा वंश एकत्रच म्हातारा होत असतो, आणि अधूनमधून केंद्रकाची नवी मांडणी करून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. आमच्या पुस्तकात पॅरामेशियमला एक आकृती आणि दोन ओळी दिलेल्या आहेत. त्या चुकीच्या नाहीत, पण त्या वाचून या जीवाचे आयुष्य सरळ रेषेत चालते असे मुलांना वाटते, आणि ते खरे नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी ठरवले की निदान एक जीव तरी मुलांना प्रत्यक्ष दाखवायचा, आणि तो हायड्रा, गोड्या पाण्यात राहणारा छोटासा बहुपेशीय प्राणी. मराठीत त्याला जलव्याल असेही नाव आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला गावाबाहेरच्या पाझर तलावातून पाणवनस्पतींच्या फांद्या आणून मोठ्या काचेच्या बरणीत तलावाच्याच पाण्यात ठेवल्या. पहिले दोन दिवस काही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीकडच्या काचेला आतून चिकटलेला, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा फिकट तपकिरी दोरा दिसला, आणि त्याच्या टोकाला पाण्यात तरंगणारे सहा बारीक धागे. हे त्याचे संस्पर्शक. बरणीला बोटाने टिचकी मारली की तो सारा जीव आखडून मोहरीएवढा होतो आणि मिनिटाभराने पुन्हा लांबतो. मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेली आर्टेमियाची (कोळंबीसारख्या एका इवल्या जीवाची) अंडी मिठाच्या पाण्यात उबवून, पिल्ले गोड्या पाण्याने धुऊन, आम्ही एक दिवसाआड त्याला खायला घालू लागलो. संस्पर्शकाला पिल्लू लागले की दंशपेशींमुळे ते जागीच लुळे पडते, मग संस्पर्शक वळून त्याला तोंडाशी आणतो. आर्टेमिया नारिंगी असल्यामुळे हायड्राच्या पारदर्शक पोटात गेलेले अन्न बाहेरून दिसते.

पाचव्या दिवशी शरीराच्या खालच्या भागात, साधारण वरून दोन तृतीयांश अंतरावर, एक उंचवटा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी तो बोंडासारखा लांबट झाला आणि त्याच्या टोकाला संस्पर्शकांचे बारीक अंकुर आले. तिसऱ्या दिवशी त्या छोट्या हायड्राने स्वतःच्या संस्पर्शकांनी आर्टेमिया पकडला, आणि मुलांनी भिंगातून जे पाहिले त्यावर त्यांचा विश्वास बसेना. पिल्लू गिळले लेकीने, पण नारिंगी छटा थोड्या वेळाने आईच्या पोटात उतरली. कलिकेची आणि जनकाची पोकळी एकच असते. दोघी एकाच पोटाने जेवत असतात. चौथ्या दिवशी कलिकेचा बुंधा आवळला गेला, तिथे चिकटण्यासाठीची तबकडी तयार झाली आणि संध्याकाळी शाळा सुटायच्या आत ती सुटून खालच्या पानावर जाऊन बसली.

ही समाईक पोकळी अठराव्या शतकात अब्राहम ट्रेंब्ले यांनीही पाहिली होती. जिनिव्हात जन्मलेले ट्रेंब्ले हेगजवळ काउंट बेंटिंक यांच्या दोन मुलांचे शिक्षक होते आणि मुलांसोबत १७४० च्या उन्हाळ्यात डबक्याचे पाणी न्याहाळताना त्यांना हिरवे हायड्रा सापडले. त्यांच्या आधी सूक्ष्मदर्शकातून जीव पाहणारे डच निरीक्षक लेवेनहूक यांनी १७०२ च्या पत्रात कलिका असलेल्या हायड्राचे वर्णन केले होते, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. हा जीव वनस्पती की प्राणी हे ट्रेंब्ले यांना ठरवता येईना, कारण रंग हिरवा, हातांची संख्या फांद्यांसारखी कमी-जास्त, पण हालचाल मात्र प्राण्याची. तेव्हा त्यांनी विचार केला की कापून पाहावे, कलमासारखे दोन्ही भाग वाढले तर वनस्पती. २५ नोव्हेंबर १७४० रोजी त्यांनी एक हायड्रा आडवा कापला. काही दिवसांत डोक्याकडच्या भागाला तळ आला आणि तळाकडच्या भागाला डोके. तरीही रेओम्यूर या फ्रेंच निसर्गअभ्यासकासारख्या ज्येष्ठांनी पत्रे आणि नमुने पाहून तो प्राणीच असल्याचे मान्य केले, आणि तेव्हापासून 'प्राणी तोडला की मरतो' ही समजूत सरसकट धरता येईनाशी झाली. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसोबत केलेल्या निरीक्षणातून हे सुरू झाले, ही गोष्ट मला वर्गात सांगताना फार आनंद होतो. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर अनेक वर्षे काम होत आलेले आहे, आणि पुण्यात मिळालेला हायड्रा व्हल्गॅरिसचा वाण संशोधनात 'इंड-पुणे' या नावाने ओळखला जातो, हेही मी मुलांना आवर्जून सांगते.

कलिका कशी तयार होते याची माझी समजूत इतकी वर्षे चुकीची होती. मला वाटे की त्या जागी पेशी झपाट्याने विभागतात आणि गाठीसारखा उंचवटा येतो. प्रत्यक्षात हायड्राच्या धडातल्या पेशी सगळीकडे आणि सतत विभागत असतात, कलिका असो वा नसो. तयार होणाऱ्या जादा ऊती दोन्ही टोकांकडे आणि कलिकेकडे सरकत राहतात. संस्पर्शकांच्या टोकाशी आणि तळाशी पोहोचलेल्या पेशी गळून जातात, आणि भरपूर खाणाऱ्या हायड्रात उरलेला मोठा वाटा कलिकेच्या रूपाने बाहेर पडतो. कलिकेत जाणाऱ्या पेशी आईच्या धडाच्याच तयार पेशी असतात, तिथे खास घडवलेल्या नसतात. खायला कमी मिळाले तर कलिका येणे थांबते, आणि जादा झालेल्या पेशींना शेजारच्या पेशी गिळून टाकतात. म्हणजे या प्राण्यात वाढ आणि प्रजनन यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. माणसाचे मूल वाढून थांबते, हायड्राची वाढ थांबत नाही, ती फक्त वेगळी होऊन चालू लागते.

यातून पुढची गोष्ट आपोआप निघते. पेशी अशा सतत सरकत आणि गळत असतील, तर काही आठवड्यांत हायड्राचे सारे शरीर नव्या पेशींचे झालेले असते. काचेवर जी 'आई' तशीच बसलेली दिसते तिच्यातले द्रव्य लेकींबरोबर निघून गेलेले असते. यीस्टची आई जुने सारे स्वतःकडे ठेवते आणि थकते. हायड्राची आई काहीच साठवून ठेवत नाही. डॅनियल मार्टिनेझ यांनी चार वर्षे हायड्रा पाळून १९९८ साली लिहिले की त्यांच्यात वार्धक्याची लक्षणे दिसत नाहीत. पुढे त्यांनी आणि जर्मनीतील रोस्टॉकच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी मिळून २,२५६ हायड्रांची आठ वर्षे नोंद ठेवली, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत वयाबरोबर मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र हे सगळ्या जातींना लागू नाही. हायड्रा ऑलिगॅक्टिस ही जात थंडीत, सुमारे १० अंश सेल्सियसला, कलिका सोडून लैंगिक प्रजननाकडे वळते. शरीरावर वृषणे किंवा अंडाशय दिसू लागतात, आणि त्यानंतर काही महिन्यांत त्या प्राण्याची हालचाल मंदावते, त्याला अन्न पकडता येईनासे होते आणि तो मरतो. म्हातारपण त्याच्या अंगात येते ते तेव्हाच.

आमच्या बरणीतल्या हायड्राकडे परत येते. प्रश्न विचारणारी मुलगी आता अकरावीत आहे, पण सुट्टीत ती प्रयोगशाळेत येऊ लागली. कलिका सुटली त्या संध्याकाळी तिने काचेवर बाहेरून मार्करने दोन ठिपके केले, आईजवळ निळा आणि लेकीच्या पानासमोर लाल, आणि वहीत दोन रकाने आखून 'आई' व 'बाळ' असे मथळे दिले. सुरुवातीला काहीच अडचण आली नाही, कारण बाळ आईच्या निम्मेही नव्हते. पण हायड्रा एका जागी राहत नाही. तो वाकून संस्पर्शकांनी पृष्ठभाग धरतो, तळ सोडतो आणि कोलांटी मारून पुढे जातो. सोमवारी निळ्या ठिपक्याजवळ कोणीच नव्हते. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत दोघींनी सारखेच खाल्ले आणि दोघी सारख्याच लांबीच्या झाल्या. एकीला कलिका आली, तेव्हा आम्ही समजलो की हीच आई, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीलाही आली. मुलीने बराच वेळ भिंगातून पाहिले, मग वहीतले दोन्ही मथळे खोडले आणि वर लिहिले, 'हायड्रा १, हायड्रा २, आणि येणारे दोन'.